मरळीच्या पोटातली गाभोळी

माझे वडील डीडीटी फवारायचे. आम्ही धम्म घेतला त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांना हिवतापाच्या फवारणीवर नोकरी लागली. पंप आणि बादली घेऊन ते तिवश्याकडच्या खेड्यांत घरोघर जात. आमच्या गावचं काम उरकलं की नाल्यावर सामान धूत. पाणी घटकाभर दुधासारखं व्हायचं, मग निवळायचं. त्यात वावगं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. हिवताप पळाला होता, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं.

चार-पाच वर्षांनी मी अमरावतीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकू लागले. सुट्टीत घरी आले होते, मिरगाचे दिवस होते. मासे विकणारी भोईण दारात पाटी टेकवून म्हणाली, "पोरी, तू त कालेजात शिकून राहिली. मंग सांग बरं, खालच्या डोहातल्या मरळीले गाभोळी कावून नाही?"

"म्हणजे?"

"या दिवसांत मरळीचं पोट अंड्यानं फुटाले येते. वरच्या डोहातली तशीच हाये. खालची पाह्य, सपाट."

नाल्याचा वरचा डोह गावाच्या वर होता, खालचा वडील पंप धूत त्या जागेच्या खाली. पण तेव्हा तो संबंध माझ्या डोक्यात आला नाही. मला फक्त पाहायचं होतं. तिला म्हटलं, मावशी, मासे कापशील तेव्हा पोटातलं वेगळं ठेव. तिने आठ दिवस दोन्ही डोहांचं वेगवेगळं, पळसाच्या पानांत बांधून आणलं. मी ओसरीवर बसून ते उलगडायची आणि वहीत चित्रं काढायची. आई नाकाला पदर लावून आत जायची.

वरच्या मरळींत पिवळीधमक गाभोळी होती. खालच्यांत दोऱ्यासारखी, फिकी. एकीत तर नर म्हणावा की मादी, हेच मला ठरवता येईना. आणि गंमत अशी की त्याच डोहातला टेंगडा, तो मिशीवाला काटेरी मासा, अंड्यांनी गच्च भरलेला. बोटभर चंदेरी मासेही तसेच. मरळ तर चिखलात जगते, पाण्याबाहेर काढली तरी तासन् तास मरत नाही. एवढ्या चिवट माशालाच काय झालं होतं?

एका संध्याकाळी वडिलांनी वही हातात घेतली. शाळा त्यांची तिसरीपर्यंतच झाली होती, पण मी नाल्याचा नकाशा काढला होता. आपण पंप धुतो ती जागा त्यांना लगेच सापडली.

"हे माह्यामुळं झालं म्हणतं का?"

"माहीत नाही बाबा."

"मले तं सायबानं सांगतलं, मानसाले काई होत नाई म्हून." मग वही मिटत म्हणाले, "मासोळीचं मात्र नाई सांगतलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडीक जागेत खड्डा खणला आणि पंप तिथे धुवायला लागले. बरोबरचे लोक हसले. वडील तरी तिथेच धूत राहिले.

कॉलेज उघडल्यावर मी वही प्राध्यापकांना दाखवली. ते म्हणाले, "पाटीभर माशांवरून काही सिद्ध होत नाही." वही परत देता देता त्यांनी विचारलं, "पण पाणी एकच, मग टेंगड्याला काही नाही आणि मरळीला का?" मला उत्तर आलं नाही. त्यांनाही येत नव्हतं, आणि त्यांनी ते कबूल केलं. तेवढ्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहिले.

पुढच्या साली वडिलांची मोर्शीला बदली झाली. त्या मरळींचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

पुष्कळ वर्षांनी अकोल्याच्या शाळेत शिकवत असताना वाचलं, की डीडीटीसारखी काही कीटकनाशकं शरीरातल्या संप्रेरकांची नक्कल करतात आणि अंडी, वीर्य, नर-मादीपण यांत ढवळाढवळ करतात. सगळ्या जातींवर त्यांचा परिणाम सारखा होत नाही. जो मासा दुसरे मासे खातो, त्याच्या अंगात त्यांच्या अंगातलं विषही साठत जातं. मरळ तर बारीक मासे गिळूनच वाढते. पण टेंगडाही काही नुसतं शेवाळ खात नाही. म्हणजे अर्धंच उत्तर मिळालं. उरलेलं मी अजून शोधते आहे.