लेपकाकांचा अंगठा

लेपकाकांची आणि नव्या संशोधक बाईंची पहिली भेट झाली तेव्हा प्रयोगशाळेच्या काचा फुटल्या नाहीत, हे काचा बसवणाऱ्याचं कौतुक. बाई नोकरीवर रुजू होऊन जेमतेम अकरा मिनिटं झाली होती. लेपाच्या खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून त्या आत शिरल्या. टेबलावर सुईसारख्या नाकाचं एक पिवळंधमक मॉडेल उभं होतं. सुंदर वस्तू दिसली की माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. तर्जनी पुढे निघाली. ती मॉडेलपासून वीतभर लांब असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे बसलेल्या लेपकाकांच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्यानंतर जी आरोळी उठली तिच्यामुळे म्हणे तिसऱ्या मजल्यावरच्या कारकुनाने एकाच ओळीत चार चुका केल्या, फाटकावरच्या पहारेकऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्या थांबवल्या, आणि भोंगा वाजला तरी चहाचा कप न सोडणाऱ्या झडपवाल्याने कप खाली ठेवला.

"हात," लेपकाका मग अगदी शांतपणे म्हणाले, "खिशात ठेवायचे असतात."

"माझ्या कपड्यांना खिसे नाहीत," बाई म्हणाल्या.

"मग पाठीमागे."

बाईंनी हात पाठीमागे बांधले. लेपकाकांना हे आवडलं. तिथून दोघांचं जमलं.

या प्रयोगशाळेत एक बोगदा आहे. त्यातून गाड्या जात नाहीत, वारा जातो. सकाळभर पंप घरघरत मोठाल्या टाक्यांत हवा ठासून भरतात आणि मग झडपवाला झडप उघडतो. आवाजाच्या सहापट वेगाचा वारा मॉडेलवर येऊन आदळतो आणि आठ सेकंदांत सगळं आटोपतं. त्या आठ सेकंदांत मॉडेल कुठे किती तापलं हे सांगायचं काम लेपाचं. थंड असताना पिवळा, तापेल तिथे नारिंगी, फारच तापला तर तपकिरी, आणि थंड झाल्यावरही तसाच. हा लेप देणारे ते लेपकाका. त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं आणि तिथेच राहायचं.

पूर्वी ते मोटारी रंगवायचे. मोटारीला ठिपका राहिला तर मालक कुरकुरतो, फार तर भांडतो. वाऱ्याचं तसं नाही. मॉडेलच्या अंगाला चिकटून हवेचा एक पातळ थर सरकत असतो, गरम दूध ओतताना भांड्याच्या काठावरून सरकावं तसा गुपचूप. त्याच्या वाटेत केसाएवढा उंचवटा आला तरी त्याचं बिनसतं. तो गडबडतो, उसळतो, वरची तापलेली हवा खाली ओढतो, आणि उंचवट्याच्या मागे पंख्यासारखा पसरत जाणारा एक तापलेला पट्टा उमटतो. म्हणून लेपाला बोट लावायची बंदी. दारावर लेपकाकांच्या टपोऱ्या अक्षरांत पाटी होती : हात लावू नये. खाली बारीक अक्षरांत : साहेबांनीसुद्धा.

ते स्वतः मात्र एक करायचे. लेप वाळला की नाही हे बघायला मॉडेल उचलून मागच्या सपाट बुडाला उजवा अंगठा हलकेच टेकवायचे. बुडाशी वाऱ्याला काही कर्तव्य नसतं, तिथे ठसा उमटला तरी बिघडत नाही. एकवीस वर्षं तो अंगठा बुडावर टेकत आला होता आणि एकवीस वर्षांत लेपामुळे एकही प्रयोग वाया गेला नव्हता. हे ते न विचारता सांगत. विचारलं तर जास्त वेळ सांगत.

मग बाईंचं मॉडेल आलं. लेपकाकांनी ते खोक्यातून काढलं, वळवून पाहिलं, आणि पुन्हा खोक्यात डोकावलं.

"उरलेलं कुठाय?"

"एवढंच आहे, काका."

"हे वाडगं आहे. याचं नाक कुठे?"

बाईंनी रुंद, किंचित फुगीर बाजू दाखवली. "हेच नाक. यान आकाशातून परत येताना ही बाजू पुढे."

"बोथट बाजू पुढे? आणि टोक मागे? मॉडेलखात्यात कोणी उलटं तर धरलं नाही ना?"

"टोकदार नाक वाऱ्यात घुसतं, म्हणून सगळा ताप अंगावर घेतं," बाई म्हणाल्या. "बोथट नाक समोरची हवा दाबून धरतं. तापलेल्या हवेची भिंत त्याच्या अंगापासून थोडी लांबच उभी राहते आणि बराचसा ताप बाजूने निघून जातो."

लेपकाकांनी विचार केला. "म्हणजे आमचे सासरे. तोंडावर बोलायचे, पण त्यांच्या घरात कधी पेटलं नाही."

पुढचे आठ दिवस त्यांनी त्या मॉडेलला 'सासरे' म्हटलं आणि जीव ओतून लेप दिला.

प्रयोग गुरुवारी झाला. आठ सेकंदांनंतर सगळे खिडकीशी गेले. 'सासऱ्यां'चं तोंड सगळीकडे फिकट नारिंगी होतं. फक्त मध्यापासून जरा बाजूला एक तपकिरी पट्टा सुरू होऊन कडेपर्यंत पसरत गेला होता.

मोठे साहेब गंभीर झाले. पट्टा खरा असेल तर यानाचं उष्णतारोधक कवच जाड करावं लागणार, कवच जाड झालं की वजन वाढणार, आणि मग सगळा आराखडा नव्याने. त्यांनी आधी लेपकाकांकडे पाहिलं. "लेपात काही दोष?"

"माझ्या लेपात?" लेपकाका म्हणाले. "साहेब, बोगद्याला भोक पडलं असेल. माझ्या लेपाला नाही."

हे इतक्या ठसक्यात म्हटलं गेलं की साहेबांनी नजर बाईंकडे वळवली. मॉडेल बोगद्यात बाईंनी स्वतः बसवलं होतं. बाई नव्या होत्या, त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती. "सोमवारी बारा वाजता बैठक आहे," साहेब म्हणाले. "कारण घेऊन या. कारण नसेल तर हा पट्टा खरा धरावा लागेल. किंवा मॉडेल नीट बसवलं गेलं नाही, असं लिहावं लागेल."

बाईंनी शुक्रवार आणि शनिवार आकडे मांडण्यात घालवले. आकड्यांत पट्टा कुठेच येत नव्हता. जाता-येता लेपकाका त्यांना धीर देत होते. "मन लावून शोधा. लेप सोडून कुठेही असेल."

रविवारी सकाळी लेपकाकांच्या बायकोने स्वयंपाकघरातलं स्टूल रंगवून गॅलरीत ठेवलं. वर कागद टोचला : ओलं आहे. लेपकाका पेपर घेऊन गॅलरीत आले, खाली बसता बसता स्टुलाजवळून हात गेला, आणि स्टुलाच्या मधोमध एक ठसा उमटला.

"तुम्ही अंगठा लावलात?" बायको दारातून म्हणाली.

"वाळलं का बघत होतो."

"कागद लिहून ठेवलाय की."

"मी मुद्दाम नाही लावला."

"मुद्दाम कशाला लावाल. जिथे सपाट दिसेल तिथे तुमचा अंगठा. मागच्या महिन्यात भिंतीचा गिलावा, त्याआधी शेजाऱ्यांची नवी मोटार. त्यांनी तेव्हापासून बोलणं टाकलंय."

पेपर तसाच हातात धरून लेपकाका स्टुलाकडे बघत राहिले. बोथट बाजू पुढची, हे त्यांच्या डोक्याला केव्हाच कळलं होतं. अंगठ्याला कळवायचं राहून गेलं होतं.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी पोचले. मॉडेल त्यांच्याच टेबलावर होतं, कारण जुना लेप उतरवून नवा द्यायचं कामही त्यांचंच. त्यांनी भिंग लावलं. पट्टा जिथे सुरू होत होता तिथे, टोकाशी, चंद्रकोरीसारखी एक बारीक कड होती. त्यांनी त्यावर उजवा अंगठा धरला. डबीवर झाकण बसावं तसा बसला.

लेप पुसायच्या द्रावणाचं पातेलं शेजारी होतं, फडकं हातात होतं. एक हात फिरवला की काम झालं. एकवीस वर्षं जशीच्या तशी. पुढच्या प्रयोगात पट्टा येणार नाही, सगळे म्हणतील बाईंनी पहिल्या वेळी नीट बसवलं नव्हतं, नवीन आहेत, चालायचंच. त्यांनी फडकं भिजवलं. पिळलं. पुन्हा भिजवलं. मग दोरीवर वाळत घातलं आणि खुर्चीत बसून राहिले.

बाई आल्या त्या डोळे चोळत. आल्या आल्या, कोणी न सांगता, हात पाठीमागे बांधून टेबलाशी उभ्या राहिल्या.

"बाई," लेपकाका म्हणाले, "तो पट्टा वाऱ्याचा नाही. माझा आहे." आणि भिंग पुढे केलं.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "तुम्ही हात लावलात, काका?"

"अंगठा. वाळलं का बघायला. मागची बाजू समजून."

"पण मी सांगितलं होतं ना, ही पुढची."

"मला सांगितलं होतं."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या कपड्यांना तर खिसे आहेत."

लेपकाकांनी दोन्ही हात खिशात घातले आणि तसेच बारा वाजता साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, स्टूलसुद्धा. साहेबांनी विचारलं, "एकवीस वर्षांत पहिल्यांदा?" लेपकाका म्हणाले, "पकडला गेला तो पहिल्यांदा. आधीचे सगळे बुडावर आहेत."

बुधवारी पुन्हा लेप दिला. वाळला की नाही हे बघायला लेपकाकांनी घड्याळ वापरलं. झडप उघडली, आठ सेकंद गेले, आणि 'सासऱ्यां'चं तोंड सगळीकडे सारखं फिकट नारिंगी निघालं. दारावरच्या पाटीत झडपवाल्याने खडूने भर घातली : अंगठाही.

बाईंची नोकरी कायम झाली. अहवालात कारण म्हणून 'लेपातील स्थानिक उंचवटा' एवढे तीनच शब्द आले. अंगठ्याचा उल्लेख नाही म्हणून लेपकाकांना थोडं वाईटच वाटलं.

ते यान पुढे बांधलं गेलं नाही. दोन वर्षांनी योजना बंद झाली. मॉडेल आता साहेबांच्या टेबलावर आहे, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून. बोथट बाजू खाली.