सखारामकाकांचे कागद

मी लिहिणारा माणूस नाही, आणि सखारामकाकांविषयी तर मी मुळीच लिहू नये असं माझ्या आईचं मत आहे. "आधी केलंस तेवढं पुरे," म्हणाली. तिचं चुकत नाही. पण इथे इंग्लंडात, लेस्टरमधली आपली माणसं हल्ली काकांचं नाव आवाज उतरवून घेतात, जणू काकांनीच काही गैर केलंय, आणि ते मला सहन होत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. मराठी शाळा साताऱ्याला चौथीपर्यंत झाली, पुढचं मराठी आईच्या तोंडून शिकलो. कमीजास्त झालं तर माफ करा.

काका आमच्या शेजारी, कौन्सिलच्या म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या भाड्याच्या घरात राहायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कोपऱ्यावरच्या दुकानात. त्यांनी काखेतला निळा प्लास्टिकचा फोल्डर काउंटरवर अलगद ठेवला, मग दुधाची बाटली ठेवली. फोल्डरवर एक हात तसाच राहिला आणि दुसऱ्या हाताने त्यांनी खिसा चाचपला. मला वाटलं बँकेत चालले असतील. नंतर कळलं की फोल्डर त्यांच्याबरोबर सगळीकडे जातो. डॉक्टरकडे, लायब्ररीत, भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या बागेच्या तुकड्यावर पालेभाजी खुडायलासुद्धा. त्यात त्यांचे जुने पासपोर्ट होते, हॉस्पिटलच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, कौन्सिलची पत्रं होती. आणि सगळ्यात वर, पारदर्शक पिशवीत, त्यांच्या पणजोबांचा पास.

काका मॉरिशसचे मराठी. पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून करारावर गेलेले. काका स्वतः विशीच्या आत इथे आले, मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात नर्स झाले आणि तिथेच निवृत्त झाले. मालतीकाकू ठाण्याच्या, त्या गेल्यानंतर काका घरात एकटेच. मुलगी ज्योतीताई गावाच्या दुसऱ्या टोकाला. काकांनी ब्रिटिश पासपोर्ट कधी घेतला नाही. ते आले तेव्हा त्यांच्या पासपोर्टवर कायम राहण्याचा शिक्का बसला होता, तेवढा त्यांना पुरेसा होता. "अर्ज केला म्हणजे आपणच कबूल केलं की आपल्याकडे काही नव्हतं," ते म्हणायचे. "हक्क मागायचा नसतो. दाखवायचा असतो."

एकदा गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांनी, ते डॉक्टर आहेत, सगळ्यांसमोर विचारलं, "सखाराम हे आडनाव कसं हो? मूळचे कुठले तुम्ही?"

"आडनाव नाही ते. पणजोबाचं नाव. बंदरावरच्या कारकुनाने आडनावाच्या जागी लिहून टाकलं."

"आणि बायका तिकडे मराठी मिळायच्या?"

"माझी पणजी एका गुलाम बाईची मुलगी होती. ती बाई आफ्रिकेतून आणलेली."

डॉक्टर "अच्छा" म्हणाले आणि प्रसादाचं काय झालं ते बघायला गेले. पुढच्या वर्षी आरतीच्या यादीत काकांचं नाव नव्हतं. खुर्च्या लावणाऱ्यांच्या यादीत होतं. काकांनी ती यादी चष्मा काढून जवळून वाचली. "बघ प्रोफेसर," मला म्हणाले, "यांनापण वही ठेवता येते."

मी इतिहास घेतला म्हणून मी 'प्रोफेसर'. पहिल्याच टर्मला मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगायला गेलो की गुलामगिरी पार्लमेंटने कायदा करून बंद केली.

"चालू कुणी ठेवली होती?" त्यांनी विचारलं.

"मळेवाल्यांनी."

"मळेवाला काय एकटा उभा होता रे? पळालेल्याला धरून आणणारा शिपाई सरकारचा. शिक्षा लिहिणारा मॅजिस्ट्रेट सरकारचा. कोण माणूस कुणाच्या मालकीचा, ती वही सरकारच्या कचेरीत. मालक मेला की पोरगा तिथे जाऊन नाव बदलून आणायचा, घराचं बदलतात तसं."

"पण शेवटी सोडलं ना काका?"

"सोडलं. मग त्याच कचेरीत आमच्या पणजोबाला पास दिला, फोटोचा. तो खिशात नसताना रस्त्यावर सापडला तर तुरुंग. एकदा आंघोळीला नदीवर गेला होता, कपड्यांत पास नव्हता. सात दिवस आत." त्यांनी पारदर्शक पिशवीवरून अंगठा फिरवला. फोटोतला माणूस कॅमेऱ्याकडे न बघता किंचित खाली बघत होता. "पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. पण वही कुणाकडे आहे तेही विचारत जा."

शेवटच्या वर्षाचा प्रबंध मी त्या पासवरच लिहायचं ठरवलं. लायब्ररीच्या चांगल्या स्कॅनरवर सगळे कागद घ्यायचे म्हणून फोल्डर मागितला. काका तयार नव्हते. "फक्त पास ने," म्हणाले. मी हट्ट धरला की पणजोबांपासून त्यांच्यापर्यंतची सगळी कागदपत्रं एकत्र असली तर प्रबंधाला वजन येईल. शुक्रवारी त्यांनी फोल्डर माझ्या हातात दिला आणि सोमवारी सकाळी परत हवा म्हणून दोनदा बजावलं.

शनिवारी मॉरिशसला त्यांचे धाकटे भाऊ वारले. मी तेव्हा मावसबहिणीच्या लग्नाला लंडनजवळ इल्फर्डला होतो. काकांचा फोन आला.

"फोल्डर कुठे आहे?"

"युनिव्हर्सिटीत, लॉकरमध्ये. मी उद्या संध्याकाळी येतो."

"मला पहाटे निघायचंय. जुना पासपोर्ट त्यात आहे. शिक्क्याचा."

"आत्ताचा आहे ना तुमच्याकडे? मग जा तुम्ही. बाकीचं सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. शिक्क्याचा स्कॅन मी फोनवर पाठवतो. आता कुणी कागद विचारत नाही काका, तो काळ गेला."

मागे लग्नातला ढोल वाजत होता, मी कानावर हात धरून उभा होतो.

"बरं," ते म्हणाले. "तू शिकलेला आहेस."

तीन आठवड्यांनी ज्योतीताईंचा फोन आला. त्या इथेच जन्मलेल्या, रागात त्यांचं मराठी आणखी मोडतं. "तू पप्पाला काय सांगितलास? फोटो चालतो म्हणून? परत येताना एअरलाइनने बोर्डिंग दिला नाही. तो तिकडे एअरपोर्टवर बसलाय, सुटकेस घेऊन."

मी फोल्डर कुरियरने पाठवला. तोवर त्यांचं प्रकरण परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या होम ऑफिसच्या यंत्रणेत शिरलं होतं. जुन्या पासपोर्टवरचा शिक्का पुसट आहे, म्हणाले; बाहेरूनच अर्ज करा, पन्नासेक वर्षांतल्या प्रत्येक वर्षाचा पुरावा जोडा. एवढ्या वर्षांचा फोल्डर सांभाळूनही दोन वर्षं रिकामी निघाली. हॉस्पिटलकडून दाखला मागावा तर ते कधीच पाडून तिथे फ्लॅट झाले होते.

प्रबंध मी काका अडकायच्या आधीच, ते तिकडे दुखवट्यात असताना देऊन टाकला होता. त्याला फर्स्ट क्लास मिळाला. परीक्षकांनी शेरा मारला होता की मूळ कागदपत्रांची मला चांगली जाण आहे. मी दर रविवारी काकांना फोन करायचो. एका रविवारी त्यांनीच विचारलं, "शेवटी काय लिहिलंस त्यात?"

खोटं बोलवलं नाही. "पासची पद्धत साम्राज्याबरोबर संपली, असं."

"हं," काका म्हणाले. "इंग्रजीत चांगलं वाटत असेल."

पुतण्याच्या घरी मागची खोली त्यांना दिली होती. तक्रार त्यांनी एकदाही केली नाही. एकदाच म्हणाले, "प्रोफेसर, पणजोबाचा करार पाच वर्षांचा होता. माझा किती वर्षांचा, तेवढं विचारून सांग." मी माफी मागायला सुरुवात केली की ते लेस्टरचं हवामान विचारायचे. मग रविवारचे फोन आखूड होत गेले. पुढे पुतण्याच फोन घ्यायला लागला, काका झोपलेत म्हणून सांगायला.

गेल्या मंगळवारी ज्योतीताई आमच्या दारात आल्या. हातात पत्र होतं. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. मी तिथेच उभ्याने वाचलं. काका या देशात आले त्या दिवसापासून त्यांचा इथे राहण्याचा हक्क कायम आहे, त्यासाठी त्यांना कुठल्याही परवानगीची गरज नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. झाल्या गैरसोयीबद्दल एक ओळ होती.

"काकांना सांगितलंत?"

"वाचून दाखवला फोनवर. दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, 'मग चौदा महिने मी काय मागत होतो?'"

मी विचारलं, तिकीट कधीचं काढताय.

"तो येत नाही," त्या म्हणाल्या. "घर कौन्सिलला परत द्यायला सांगितलंय. महिन्याच्या शेवटी किल्ल्या द्यायच्यात."