स्वागताचे बोर्ड आणि मोर्च्याच्या पाट्या

माझा प्रबंध एका इंग्रज कवीवर होता. दोनशे वर्षांपूर्वीचा हा माणूस कविताही करायचा, चित्रंही काढायचा आणि दोन्ही स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचा. आपल्याच देशाच्या साम्राज्याला त्याने कवितांतून शिव्यांची लाखोली वाहिली. पण पोटासाठी त्याच साम्राज्याच्या बड्या लोकांची चित्रंही कोरून दिली. मी प्रकरण लिहिलं आणि त्याला सरळ दुटप्पी ठरवून मोकळी झाले. तेव्हा माझ्या जिभेला हाड नव्हतं, लेखणीला तर नव्हतंच.

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पेंटर होते. निवृत्तीनंतर त्यांचा आवडता उद्योग म्हणजे माझा अभ्यास ऐकणं. एका रविवारी मी ते प्रकरण त्यांना मराठीतून सांगितलं. चहा बशीत निवत ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंत्री यायचा असला की स्वागताचे बोर्ड कोण रंगवायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"आन् त्याच मंत्र्यावर मोर्चा निघाला, तर पाट्या?"

त्याही तेच रंगवायचे, घरी, फरशीवर वर्तमानपत्रं पसरून. अक्षरांत निळा रंग आई भरायची. मला हे सगळं माहीत होतं.

"मग मी बी दुटप्पीच की. बोर्डांच्या पगारावर तू शिकली. पाट्यांनी कुणाची फी भरत नाय."

ते रागावले नव्हते. बशी उचलून शांतपणे चहा प्यायले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रकरण मी नव्याने लिहिलं. त्यात सहा महिने गेले, मार्गदर्शक वैतागले. पण तो कवी मला पहिल्यांदाच माणूस म्हणून कळला. दुसऱ्यांची कामं उरकून, बोटं आखडलेली असताना, तो पुन्हा स्वतःचा पत्रा समोर घेऊन बसत होता. हे मला कुठल्याही ग्रंथालयात सापडलं नसतं. बाबांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तोंडी परीक्षेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मागच्या रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं आणि इंग्रजीत विचारलं,

"ही दोन्ही कामं एकच माणूस प्रामाणिकपणे करू शकतो, असं तुम्ही लिहिलंय. याला आधार काय?"

"माझे वडील," मी म्हणाले आणि मागच्या रांगेकडे हात केला.

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबा गडबडून उठले, पिशवी सावरत दाराकडे निघाले. त्यांना वाटलं, आपल्याला बाहेर जायला सांगताहेत.