पानात ठेवलेला घास

माझे मामा किल्ल्या बनवायचे. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी, आणि बोटांना कायम पितळेचा वास. त्या वस्तीत देशोदेशीची माणसं नांदत. दुपार झाली की दर चार पावलांवर फोडणीचा वास बदले. आजही कुठे पितळ घासलं की मला तिथली भूक आठवते.

मामी होती तोवर टपरीवर डबा यायचा. पानात टाकलेलं तिला खपत नसे. घासभर उरलं की ती कमरेवर हात ठेवून विचारी, "हे कुणासाठी राखलंय? शेजाऱ्यांसाठी?" मामी गेली आणि मामा खानावळ शोधू लागले.

मी तेव्हा कामासाठी त्यांच्याकडेच राहत होतो. रोज दुपारी नवं दार. एका ठिकाणी तर मी बोटं चाटली. मामांनी मात्र मुद्दाम घासभर ठेवला आणि बसून राहिले. वाढप्याने हसून ताट उचललं.

"चल. इथं नाही."

"मामा, एवढं झकास जेवण!"

"जेवण झकासच आहे रे. पण मी उपाशी राहिलो तरी हा हसूनच ताट उचलेल."

मी वैतागलो. "तुम्हाला जेवायचंय की बोलणी खायचीत?"

"दोन्ही," मामा म्हणाले.

शेवटी कपडे धुण्याच्या दुकानामागे एक अरुंद खोली सापडली. चार बाकं, भिंतीवर वाफेचे ओघळ. चालवणारी म्हातारी कुठल्या मुलखातली कोण जाणे. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला. मामांनी घास ठेवला. म्हातारी पळी घेऊनच आली. ताटाच्या कडेवर टकटक केली आणि असं काही झाडलं की शेजारचे लोकही आपापली ताटं निपटू लागले. मामांनी मुकाट्याने घास उचलला. मान वर केली तेव्हा डोळे भरले होते.

"तिखट आहे," ते म्हणाले.

तिखट मुळीच नव्हतं.

पुढे वर्षानुवर्षं ते तिथंच जेवले. रोज घास ठेवायचा, रोज बोलणी खायची. म्हातारीलाही त्यांची खोड कळली होती. पळी ती आधीच हातात घेऊन ठेवी.

मी गावी परतलो, तरी येणंजाणं होतं. एकदा गेलो तर चुलीशी तिची सून. म्हातारी दुखण्यातून नुकती उठून भिंतीशी बसलेली, पुढ्यातलं ताट अर्धं तसंच. सून विनवून थकली होती.

मामा उठले. सुनेच्या हातातली पळी घेतली आणि म्हातारीच्या ताटाच्या कडेवर टकटक केली. तिच्या भाषेतलं जे एकच बोलणं त्यांना पाठ झालं होतं, ते तिच्याच सुरात, कमरेवर हात ठेवून, तिला सुनावलं.

म्हातारी बघतच राहिली. मग पुटपुटत तिने घास उचलला. पाठोपाठ दुसरा.

मामा बाकावर परत आले. त्या दिवशी त्यांच्या ताटात शीतही उरलं नाही.