एक मूठ कॅल्शियम

द्राक्ष बागायतदार हा फार शहाणा प्राणी असतो. मी चाळीस वर्षं तोच होतो, म्हणून खात्रीने सांगतो. खताच्या पोत्यावर प्रमाण छापलेलं असतं, पण आमच्या निफाडकडे ते वाचणारा नवखा समजला जातो. आम्ही वेलीकडे बघतो, चपलेने माती उकरतो आणि मुठीने ठरवतो. वर आणखी चिमूटभर टाकली की खत बनवणाऱ्यापेक्षा आपण हुशार ठरलो, असं मनातल्या मनात वाटतं.

बाग वाट्याने देऊन मी नाशिकला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो, तेव्हा हे शहाणपणही सामानात आलं. कॅल्शियम नायट्रेटचं अर्धं पोतंसुद्धा आलं. गॅलरीतल्या कुंड्यांसाठी, असं मी म्हणालो. खरं म्हणजे मला ते टाकवत नव्हतं.

सुनेने हॉलमध्ये समुद्राची टाकी केली होती. दोनशे लिटर खारं पाणी, त्यात जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, आणि दोन केशरी मासे. दर रविवारी ती तपासणीचं किट उघडून काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायची, थेंब मोजत औषध सोडायची आणि रंग बदलला की भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहायची. खाली दुधाचे खाडे, वर कॅल्शियम. चारशे वीसच्या आसपास राहिलं पाहिजे, म्हणायची. कोरल त्याच्यावर आपलं हाड बांधतं. कमी झालं तर वाढवायचं, पण दिवसाला थोडं थोडं.

"एवढ्या थेंबांत आमची एकरभर बाग फवारून झाली असती," मी म्हणायचो.

"बाग चुकली तर पुढच्या वर्षी येते, नाना. हे नाही येत."

मुलगा हसायचा. मी जास्त मोठ्याने हसायचो. सून पदवीधर होती, घर, नोकरी सांभाळून हे करत होती आणि मी तिला माशांची नर्स म्हणायचो. पाहुण्यांसमोरही.

एकदा ती लग्नासाठी पाच दिवस माहेरी सटाण्याला गेली. जाताना मला कॅन दाखवला. "पाणी उडून जातं, तेवढं यातलं साधं पाणी या रेषेपर्यंत भरा. बाकी कशाला हात लावू नका." दारात चपला घालताना परत म्हणाली, "नाना, कशालाच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅलेंडर वाचलं. ३८०, आणि शेजारी तिच्या अक्षरात 'हळूहळू वाढवणे'. मला हसू आलं. कॅल्शियम कमी पडून द्राक्षाचे मणी तडकायला लागले की काय करायचं हे मला विचारा की! चाळीस वर्षं दुसरं काय केलं? मी गॅलरीतून एक मूठ खत आणलं, तांब्यात विरघळवलं आणि टाकीत ओतलं. पाणी जरा दुधाळ झालं, मग निवळलं. ती आल्यावर आकडा बघून थक्क होईल, असं मला वाटत होतं. बक्षीस मिळणार असल्यासारखा मी दुपारचा झोपलो.

त्या नावात कॅल्शियमच्या पुढे नायट्रेट आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. वेलीला ते चालतं, म्हणून समुद्रालाही चालत असणार, एवढीच माझी अक्कल. त्या खतात थोडा अमोनियाही असतो, माशांना विषच. सकाळी दोन्ही मासे तळाशी आडवे होते. कोरल आठवड्याभरात पांढरी पडून गेली.

मुलाने तिला फोन केला. "तुझी टाकी गेली. सांगितलं होतं, नाद सोड." मी शेजारी चहा पीत होतो. तो प्यायलो.

ती आली, न रडता पाणी तपासलं. कॅल्शियम चारशे चाळीस. नायट्रेटचा रंग पट्टीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे गेलेला. "मी पाच दिवस नव्हते, मग कॅल्शियम वाढलं कसं?" तिने तीनदा तपासलं. शेवटी माझ्याकडे वळली. "नाना, तुम्ही काही टाकलं नाही ना?"

"कॅनचं पाणी टाकलं. तूच सांगितलं होतं ना?"

मग मीच पुढे झालो, आणि हे सगळ्यात घाणेरडं. म्हणालो, दुकानदाराने टाकीचं मीठ भेसळीचं दिलं असणार, चल, जाब विचारू. मीठ घेऊन आम्ही त्या माशांच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाईकं होती. मी त्यांच्यासमोर दुकानदाराला लबाड म्हणालो.

तो शांतपणे म्हणाला, "काका, मिठातून एवढं नायट्रेट येत नाही. घरात कोणी खत-बित टाकलं का?"

"आम्हाला काय अडाणी समजतो का रे?" मी ओरडलो. नेमकं बोट ठेवणाऱ्या माणसावर जसं ओरडतात, तसा. सुनेने हात धरून मला बाहेर काढलं. "माझंच मोजणं चुकलं असेल," एवढंच म्हणाली आणि त्या दुकानात परत गेली नाही. टाकी गॅलरीत गेली. तिच्यात आम्ही लासलगावचे कांदे भरले.

याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी हरिपाठाला बसलो, सोसायटीत ज्येष्ठ म्हणून सत्कार घेतला, प्रामाणिकपणावर दोन शब्दही बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या वाजवणाऱ्यांची मला कीव येते, आणि घेणाऱ्याची किळस.

गेल्या महिन्यात मला साखर निघाली. मुलाने घरी तपासायचं यंत्र आणलं. मी सुनेला म्हणालो, बघ गं किती आली. तिने आकडा पाहिला आणि यंत्र माझ्याकडे सरकवलं. "लॅबमध्ये जाऊन या, नाना. माझ्या हाताने केलेल्या तपासणीवर जाऊ नका. ते माझं काम नाही."

जी बाई थेंब मोजून समुद्र सांभाळत होती, ती बोटातल्या एका थेंबाला घाबरत होती. हे मी केलं होतं.

मी गॅलरीतून उरलेलं पोतं ओढत आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं. सगळं सांगितलं. माफीचं भाषण तयार होतं, पण तिने ते ऐकलंच नाही. ती पोत्यावरची टक्केवारी वाचत होती.

"किती टाकलं?"

"एक मूठ."

तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. "भरा मूठ."

चौऱ्याहत्तर वर्षांचा मी, सुनेसमोर मूठ भरून वाटीत रिकामी केली. साठ ग्रॅम. तिने दुधाच्या पिशवीच्या बिलामागे गणित केलं. तीनशे ऐंशीत सुमारे सत्तावन्नची भर, म्हणजे तेव्हाचे चारशे चाळीस.

"म्हणजे किट बरोबर होतं," ती म्हणाली. "मी बरोबर होते."

मग माझ्याकडे न बघता, "उद्या दुकानात यायचं. बोलायचं तुम्ही. मी मागे उभी राहीन."

गेलो. तीन गिऱ्हाईकं होती, त्यांच्यादेखत सांगितलं. दुकानदार पिशवीत मासा भरत होता. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतं."

"मग?"



कांदे टाकीतून निघाले आहेत, टाकी अजून कोरडीच आहे. सुरू केली तर खताचं पोतं आणि नाना दोन्ही निफाडला, असं तिने मुलाला सांगितलंय. मला सांगितलं नाही. माझ्याशी ती कामापुरतंच बोलते.

आज सकाळी मात्र तिने स्वतःहून यंत्र हातात घेतलं, माझं बोट टोचलं, आकडा वाचला.

"दोनशे दहा. काल गोड खाल्लंत."

"नाही गं. यंत्र चुकत असेल."

"यंत्र नाही चुकत, नाना."

"दोन पेढे," मी म्हणालो.

तिने कॅलेंडरात आकडा लिहिला.