बोली सोडून बाकीचं

बाकीभाईंविषयी लिहायचे मी अनेक वर्षे टाळले. चारचौघांत त्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर चपला शोधायला लागायचो. आता भाई नाहीत आणि माझेही वय झाले आहे. जे झाले ते झाले तसे सांगून टाकतो.

त्यांचे खरे नाव मन्सूर. पण बारामतीपासून इंदापूरपर्यंत जुन्या गाड्या घेणारा प्रत्येक जण त्यांना बाकीभाईच म्हणायचा. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला एक यार्ड होते. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या तिथे धूळ खात उभ्या असायच्या आणि अधूनमधून पत्र्याच्या शेडखाली त्यांचा लिलाव व्हायचा. भाई फाटकाजवळच्या लिंबाखाली मोपेडवर तिरके बसलेले असायचे. गिऱ्हाईक कितीपर्यंत बोली लावणार, हे ते कधीच विचारत नसत. विचारायचे ते एवढेच : "बाकीचं धरलं का?"

हे 'बाकीचं' ऐकून भलेभले हादरायचे. एकदा इंदापूरच्या एका कंत्राटदाराने मोटार घेतली. बाजारभावाच्या निम्म्यात मिळाली म्हणून गडी इतका खूश झाला की पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला आणि वाटत सुटला. भाईंनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांची पेरे मोजू लागले.

"बोली झाली. तिच्यावर कमिशन. कमिशनवर जीएसटी. गाडी हितं उभी ऱ्हायली त्याचं भाडं. मागच्या मालकाची चलनं. इमा संपलाय. कर्जाचा बोजा उतरवायचा, तुमचं नाव चढवायचं. बॅटरी मेलीय, म्हंजी टोचन करून न्यायची. टायर तर टकलं झाल्यात. आता सांगा सायेब, नवी गाडी कुठं लांब ऱ्हायली?"

कंत्राटदाराचा बॉक्स धरलेला हात तसाच हवेत राहिला. "अहो भाई, मग आधी का नाही सांगितलं?"

"आधी तुमी पेढं आणाया गेला हुता," भाई म्हणाले आणि मग त्यांनी पेढा तोंडात टाकला.

"बोली म्हंजी नुसती सुपारी फुटली. लग्न अजून व्हायचंय," असे ते नेहमी म्हणायचे. ज्याला सल्ला पटायचा तो जाताना त्यांच्या खिशात काहीतरी सरकवायचा. त्यावर त्यांचे घर चालायचे. गॅरेज नव्हते, दुकान नव्हते. भाईंचा शब्द खरा असतो, या लोकांच्या विश्वासावरच त्यांच्या घरची चूल पेटायची.

त्यांच्या अंदाजात एक गोष्ट मात्र कुणालाच उलगडत नसे. लिलावाच्या आधी गाड्या बघायला यार्ड उघडायचे. आम्ही बॉनेट उघडून डोकी आत घालायचो. भाई नुसती नंबरप्लेट बघायचे, केबिनमध्ये एकदा डोकवायचे आणि मोपेडला किक मारून दिवसभर गायब व्हायचे. दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे, अमक्या गाडीचे इंजिन गरम होते, तमकीचा एक्सल वाकलेला आहे. त्यात गाडी बंद, बॅटरी मेलेली! सगळ्यात आश्चर्य म्हणजे, ओढून आणलेल्या गाडीची दुसरी चावी सहसा कुणालाच मिळत नाही. ती भाई कुठूनतरी पैदा करायचे. आम्ही विचारले तर हसायचे. "भाई पीराला विचारून येत्यात," अशी थट्टा चालायची.

कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर मी कन्हेरीत पशुखाद्याचा व्यवसाय सुरू केला. मुलाच्या हाताशी एक गाडी हवी होती. यार्डात एक पांढरी पिकअप मनात भरली. गाड्या बघायच्या दिवशी मी जरा लवकरच पोचलो, तर भाई त्याच पिकअपच्या केबिनमधून उतरत होते. हातात एक फुगलेली कापडी पिशवी. वॉचमन मुद्दाम पाठ करून उभा होता. भाईंनी पिशवी मोपेडला अडकवली, वर उपरणे टाकले आणि निघून गेले. मी पत्र्याच्या आडून पाहत राहिलो. भाई? आपले भाई?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतले. "तात्या, घ्या ती गाडी. पण गिअरबॉक्स धरा. दुसऱ्या गिअरला अडती. तेवढं धरून बोली लावा." मी मान हलवली. बोली माझ्या नावावर सुटली.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा जॅक सापडेना. झाले! पिशवी डोळ्यांसमोर आली. मी तडक फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर गेलो. लिलावाला आलेली सगळी मंडळी तिथेच होती.

"काय भाई," मी मोठ्याने म्हणालो, "सगळ्यांना बाकीचं धरायला सांगता. गाडीतनं जे उचलता, ते कुठं धरता?"

आधी लोक हसले. थट्टाच वाटली असावी त्यांना. मग माझा चेहरा पाहून हसू थांबले.

"जॅक मी न्हाय नेला, तात्या."

"मग पिशवीत काय होतं?"

भाईंचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी पाठीमागून ढकलावे आणि वळून बघावे तर घरचेच माणूस असावे. "ते मला सांगता यायचं न्हाय," ते म्हणाले. खिशातून एक चावी काढून त्यांनी माझ्या कपाशेजारी ठेवली. "ही तुमच्या गाडीची दुसरी चावी. ही उचलल्याली न्हाय. आणलीय."

मला तो कबुलीजबाबच वाटला. यार्डाच्या मॅनेजरने पुढच्या लिलावाला त्यांना फाटकातच अडवले. लोक तर त्याहून पुढे गेले. बाकीभाईंचे पिशवीभाई झाले. हे नाव मी ठेवले नव्हते, पण पहिल्यांदा ऐकले तेव्हा मीही हसलो होतो.

गाडी मिस्त्रीकडे टाकली. दुसऱ्या गिअरला ती अडतच होती. खोलता खोलता मिस्त्रीने सीटमागचा पत्रा काढला आणि हाक मारली, "तात्या, ह्यो तुमचा जॅक. हितं अडाकला हुता." तरी मी कुणाला काही बोललो नाही. जॅक सापडला तरी पिशवी होतीच ना, असे स्वतःला समजावत राहिलो.

पुढे काही महिन्यांनी निरवांगीला पेंडीची पोती द्यायला गेलो. त्या दिवशी गाडी मीच चालवत होतो. पोती उतरत असताना शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, गाडीजवळ येऊन थांबल्या आणि बॉनेटवरून त्यांनी हात फिरवला. गोठ्यातल्या जनावरावरून फिरवतात तसा.

"दुसरा गिअर केला का नीट?" त्यांनी हळूच विचारले.

मी चमकलो. "तुम्हाला कसं माहीत?"

"आमचीच हुती की. भाईंला सांगितलं हुतं आमी, जो घेईल त्याला सांगा म्हणून. आत या, चहा घ्या."

ओसरीवर त्यांचे मालक बसले होते. जाड भिंगांचा चष्मा लावलेला म्हातारा माणूस. बाई सांगू लागल्या. वसुलीवाल्यांनी गाडी भर रस्त्यात अडवून ह्यांना खाली उतरवले होते. चष्मा, गोळ्यांची पिशवी, जेवणाचा डबा, सगळे गाडीतच राहिले. मागायला जायची लाज वाटली. नवा चष्मा करायला पैसे नव्हते. म्हातारा भिंत चाचपत घरात फिरायचा.

"मग एक दिवस भाई आलं. वळख ना पाळख. चष्मा पुसून आणला हुता. डब्यातली भाकरी पार कुजली असंल, तर डबा घासून आणला. आन् रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून त्यात साखर घातली हुती." बाईंनी पदर तोंडाला लावला. "मग आमी दुसरी चावी दिली. गाडीत काय काय बिघाडलंय, तेबी सगळं सांगितलं. एवढ्या माणसाशी खोटं काय बोलायचं?"

मी हातातली बशी खाली ठेवली. इतक्या वर्षांचे ते पीराला विचारून येणे हे होते! नंबरावरून पत्ता काढून, ज्यांची गाडी गेली त्यांच्या दारात भाई जायचे, त्यांच्या राहिलेल्या वस्तू घेऊन.

"पर दादा, गावात आमी गाडी इकली म्हणून सांगितलंय," मालक पहिल्यांदाच बोलले. "भाईंनी शबुद दिलाय, कुठं बोलणार न्हाय. तुमीबी बोलू नगा."

टपरीवर भाई का गप्प राहिले, ते मला त्या ओसरीवर कळले. परतीच्या वाटेवर मला दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या म्हाताऱ्याला मीही शब्द दिला होता, आणि खरे सांगायचे तर तो शब्द मला फार सोयीचा झाला. त्यांचे नाव न घेताही टपरीवर उभे राहून 'मी चुकलो' एवढे म्हणता आले असते. मी म्हटले नाही. आज त्या घरातली माणसे स्वतःच तो प्रसंग हसत सांगतात, त्यामुळे माझ्याकडे आता तेही कारण उरलेले नाही.

शेवटी एकदा भाईंच्या घरी बारामतीला गेलो. डबाभर गूळ घेतला होता. वाटेत एकच वाक्य घोकत होतो. भाई थकले होते. यार्ड सुटल्यापासून मुलाच्या सायकलच्या दुकानात बसायचे. मला पाहून त्यांनी आत आवाज दिला, "तात्या आल्यात, चहा ठिवा." आणि मग विचारले, "गिअरबॉक्सला किती लागलं वो?"

मी आकडा सांगितला.

"मंग बरुबर हुता की अंदाज!" भाई इतके खुलले की मला त्यांच्याकडे बघवेना.

"भाई," मी सुरुवात केली, "ती पिशवी…"

"चहा निवतोय, तात्या."

मी चहा प्यालो. निघताना भाभींनी माझा डबा परत आणून दिला. गूळ काढून घेतला होता, डबा घासला होता आणि आत शेवया होत्या. मी नको म्हणालो, तर भाई दारातून म्हणाले, "आसू द्या. रिकामा कसा द्यायचा?"

मी त्याच पिकअपमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. चावी लावली. तीच, त्यांनी कपाशेजारी ठेवलेली. उतरून पुन्हा आत जावे, असे वाटत राहिले. पुढच्या वेळी बोलू, म्हणून मी गाडी सुरू केली. पुढच्या वेळी गेलो तो भाईंना माती द्यायला. यार्डातले कितीतरी लोक आले होते. त्यांच्यासमोरही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

घोकलेले वाक्य फार मोठे नव्हते. भाई, पिशवीत काय होतं ते मला कळलंय, चुकलं माझं.