सगळ्यात लांबचं तिकीट

"नो तोकार! सेन्योर, नो तोकार!"

टोपीवाला रखवालदार वरच्या पायरीवरून ओरडत, शिट्टी फुंकत, परत ओरडत आमच्या अंगावर धावून आला, तेव्हा आम्ही इतक्या उंचावर होतो की ढगांची पाठ दिसत होती. एखादा ढग पाठ खाजवून मागेल म्हणून मी हात खिशात घालून उभा होतो. मला वाटलं, साडूंनी पाचशे वर्षांची भिंत पाडली. तसं नव्हतं. माझे थोरले साडू, डहाणूचे चिकूवाले, पेरू देशातल्या कुस्को गावाजवळ, जुन्या राजांनी बांधलेल्या भिंतीतल्या हत्तीएवढ्या दगडासमोर उभे होते. त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख त्या दगडावर घासलं होतं आणि आता ते वाकून, चष्मा वर करून, ओरखडा उठला का ते बघत होते. आमची गाईड धापा टाकत आली. रखवालदार हात लावू नका म्हणतोय, हे काय केलंत विचारतोय, असं तिने इंग्रजीत सांगितलं. साडू मराठीत म्हणाले, "त्याला सांग, आतून हिरवा नाय. तयार आहे. उतरवायला हरकत नाय."

मी भाषांतर केलं नाही. परदेशात तुरुंगात जायची माझी तयारी नव्हती.

चिकूच्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. चिकू झाडावर कच्चा असतो तेव्हाही मातीच्या रंगाचा आणि तयार होतो तेव्हाही मातीच्याच रंगाचा. आंब्यासारखं लाजणं वगैरे त्याला माहीत नाही. म्हणून सालीवर नख मारून बघायचं. खालून हिरवं निघालं की कच्चा, पिवळट निघालं की तयार. साडूंनी चाळीस वर्षं हे केलं. त्यामुळे नख मारल्याशिवाय या जगातली कुठलीही वस्तू खरी आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला वाणगावला गेलो होतो, तर चहा येईपर्यंत त्यांनी सोफ्याचा हात, टीपॉयची कड आणि भिंतीचा रंग तिन्हींवर नख मारून ठेवलं होतं. मुलीचे वडील नम्रपणे म्हणाले, "काय म्हणताय मग?" साडू म्हणाले, "मुलगी उत्तम. टीपॉय कच्चा आहे." लग्न झालं. टीपॉय मात्र वर्षाच्या आत बसला, असं व्याही आजही मान खाली घालून कबूल करतात.

माझ्या साडूंइतका एका जागी रुतलेला माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. झाडंसुद्धा वाऱ्यात हलतात. साडू हलले नाहीत. चिकूला बारा महिने फळ, त्यामुळे चिकूवाल्याला बारा महिने निमित्त. सरावली गावाच्या पुढच्या त्यांच्या चिकूच्या वाडीबाहेर त्यांनी चाळीस वर्षांत एक रात्र काढली नव्हती. स्वतःच्या लग्नात, मंगलाष्टकं संपताच, पंगत बसत असताना ते सायकलवरून घरी जाऊन विहिरीची मोटर चालू आहे का बघून आले. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, लग्नाच्या पंगतीतला पहिला घास नवऱ्याच्या रिकाम्या पाटाशेजारी बसून खाल्ला. तलासरीला माझं स्टेशनरीचं दुकान आहे, तिथून त्यांच्या घरी मोटरसायकलने फार वेळ लागत नाही. पण साडू आमच्याकडे वास्तुशांतीला आले ते अकरा मिनिटं. गणपतीला नमस्कार केला, चौकटीला नख मारलं, "सागवान नाय," म्हणाले आणि गेले.

बोलायला त्यांना तीन भाषा लागत. भाव गुजरातीत, देव मराठीत आणि भांडण वारलीत. भांडण फक्त जानूशी. जानू पाड्यावरचा. पस्तीस वर्षं त्यांच्या वाडीत जाळी लावलेला बांबू घेऊन चिकू उतरवायचा. या दोघांचं दिवसातून एकदा कडाक्याचं वाजलं नाही तर आजूबाजूचे वाडीवाले तब्येतीची चौकशी करायला येत. जानू म्हणायचा, "शेठ, तुमाला झाडाचा काय कळतंय? तुमी खालशी बगता, मी वरशी बगतो." साडू म्हणायचे, "वरती चढून तू झोपतोस!" मग दोघं एकाच चटईवर बसून चहा प्यायचे.

तर अशा माणसाच्या वाडीवर रस्त्याची मोजणी आली.

किती वर्षं चर्चा होती, किती सभा झाल्या, कोण कोण काय काय बोलून गेलं, ते सांगत नाही, कारण त्याने एकही झाड वाचलं नाही. एके दिवशी माणसं आली आणि प्रत्येक खोडावर लाल रंगाने आकडे टाकून गेली. साडूंच्या वडिलांनी लावलेली झाडं ती, त्यांना आकडे कशाला? साडू प्रत्येक झाडाला ओळखत होते. विहिरीकडचं रडकं, कुंपणाचं भांडखोर, मधलं मोठं. पावसाआधी झाडांची तोडणी होणार असं कळलं आणि चारच दिवसांनी साडू डहाणू स्टेशनजवळच्या एका प्रवास कंपनीच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. मी सोबत होतो. त्यांनी टेबलाला नख मारलं आणि म्हणाले, "सगळ्यात लांब काय आहे?"

"म्हणजे काका? सिंगापूर?"

"तिथून परत यायला किती वेळ लागतो?"

"पाच-सहा तास."

"नको. मनात आलं तरी एका दिवसात परत येता येणार नाय असं दाखव."

त्या पोराने काँप्युटरवर बोटं चालवली आणि आम्हाला पेरू दाखवला. डोंगर, अवशेष, जुनी गावं, अकरा दिवस. साडूंनी डोंगराकडे बघितलं नाही. विमानं किती बदलायची तेवढं विचारलं. तीन, असं ऐकल्यावर म्हणाले, "चालेल." दोन तिकिटं काढली. एक माझं. माझ्या पैशांनी मी वापीच्या पुढे गेलो नसतो, म्हणून मी नाही म्हटलं नाही, हे इथेच कबूल करतो. चिकूवाला पेरूला निघाला, हा विनोद पुढचे आठ दिवस डहाणूपासून अच्छाडच्या नाक्यापर्यंत प्रत्येकाने मला ऐकवला आणि प्रत्येकाला वाटलं तो पहिला.

ताई येणार नव्हत्या. "घरचं कुणीतरी उभं पाहिजे," म्हणाल्या.

"उभं राहून करणार काय?" साडू ओरडले.

"काही नाही. उभी राहणार."

एवढंच. त्यांनी नवऱ्याच्या पिशवीत चिकूच्या वाळवलेल्या चकत्यांचं पाकीट भरलं आणि भांडी घासायला गेल्या. मला त्या दिवशी साडूंचा राग आला होता. खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

कुस्कोला उतरलो आणि हवाच संपली. तिथे इतकी विरळ हवा की एक वाक्य बोलायचं तर त्याचे हप्ते पाडावे लागतात. हॉटेलवाल्याने कसल्याशा पानांचा हिरवा चहा दिला. मी चार कप प्यालो आणि मला स्वर्गवासी आजोबा स्पष्ट दिसले. साडूंना मात्र काही झालं नाही. ते म्हणाले, "माझं डोकं गेले सहा महिने असंच आहे." रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी ताईंना फोन लावायचो. आमच्या सकाळी तिकडे दिवेलागण झालेली असायची, म्हणजे दिवसाची तोडणी आटोपलेली. ताई एकाच सुरात सांगायच्या, "आज विहिरीकडची रांग झाली." दुसऱ्या दिवशी, "आज कुंपणाची." साडू पाव तोंडात कोंबायचे, फोनकडे न बघता विचारायचे, "जेवलीस?" आणि उठून बसमध्ये जाऊन बसायचे. बस सुटायला एक तास असायचा.

मग दिवसभर तो माणूस डोंगर चढायचा. आमच्या ग्रुपमध्ये पुण्याचे डॉक्टर होते, नाशिकच्या दोन बहिणी होत्या, सगळे फोटो काढत होते. साडूंनी एक फोटो काढला नाही. ते बांध बघायचे. डोंगराच्या अंगावर खालपासून वरपर्यंत दगडी पायऱ्यांची शेतं आहेत, प्रत्येक पायरीला पाण्याची वाट. एका जुन्या गावात तर गल्लीच्या कडेने दगडी पाट अजून वाहतो. साडू त्या पाटाच्या उलट दिशेने चालायला लागले, तो कुठून येतो बघायला. दोन तास बेपत्ता. गाईड रडायच्या बेतात. परत आले ते चिखलाने भरलेले आणि कित्येक महिन्यांनी खूश. "उतार असा काढलाय," मला म्हणाले, "की आपला तालुक्याचा इंजिनिअर इथे आणून वर्षभर नुसता बसवला पाहिजे." मग गाईडला विचारलं, हे बांधणारे गेले कुठे? तिने सांगितलं, लढाया झाल्या, रोग आले, लोक पांगले, मेले. पण भिंती राहिल्या. साडूंनी मला भाषांतर करायला लावलं, "तिला सांग, आमच्याकडे उलटं आहे. माणसं जिथल्या तिथे, बाकीचं सगळं जाणार."

ती पोरगी हसली. तिला वाटलं विनोद आहे.

आठव्या दिवशी खोऱ्यातल्या एका गावाचा बाजार होता. बटाटे म्हणाल तर काळे, जांभळे, लाल, माणसाच्या बोटासारखे, म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखे. मक्याचा एकेक दाणा आपल्या दाढेएवढा. उंच टोपी घातलेल्या एका आजीपुढे हिरव्या फळांचा ढीग होता. साडू थांबले. फळ उचललं. मी "अहो, नको" म्हणेपर्यंत नख मारून झालं होतं. सालीतून पांढरा चीक आला.

साडू त्या चिकाकडे बघत राहिले. मग बोटाला लावून चिकटतो का बघितलं. आजी भडकली. तिच्या भाषेत तिने आमच्या सात पिढ्या काढल्या असाव्यात. आणि साडू, बाजार म्हटला की गुजराती या सवयीने, तिला विचारायला लागले, "बेन, आ शुं छे? झाड क्यां छे?" ती ओरडतेय, हे विचारतायत. गाईडने मध्ये पडून फळ विकत घेतलं, कापून दिलं. आतून पिवळंधम्मक, उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखं, आणि मधोमध तपकिरी, चकचकीत बी. लुकुमा म्हणतात, ती म्हणाली. साडूंनी बी तळहातावर घेऊन मला दाखवली. आपल्याच चिकूची बी, फक्त बाळसं धरलेली.

"चुलता आहे," साडू म्हणाले. "आपल्या चिकूचा चुलता आहे हा."

पुण्याच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे मोबाइलमध्ये शोधून सांगितलं की खरंच, एकाच कुळातली झाडं. गाईड म्हणाली, जवळच एका घराच्या अंगणात जुनं झाड आहे, दाखवते, पाचच मिनिटं. आयुष्यभर दुसऱ्याच्या वाडीत न विचारता शिरणारा हा माणूस बाजाराच्या फरशीवर बसला. "नको," म्हणाला. "झाड बघायला नको." मी शेजारी बसलो. आजीने आणखी एक फळ आमच्यासमोर ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत. साडूंनी ते खाल्लं. भुकटी खाल्ल्यासारखं लागतं, म्हणाले, आणि शेवटपर्यंत खाल्लं.

त्या संध्याकाळी हॉटेलवर मला म्हणाले, "हिला मी एकटं टाकून यायला नको होतं." मी चकत्यांचं पाकीट फोडून त्यांच्यापुढे सरकवलं. एवढ्या उंचीवर तसंही बोलवत नाही, ही माझी सबब.

परत आलो तेव्हा मे संपत आला होता. रस्त्यावरून जिथे नुसता पानांचा काळोख दिसायचा, तिथे आता लांबच्या वीटभट्टीचं धुराडं दिसत होतं. खोडंही उचलून नेली होती. ताईंनी दारात पाणी दिलं, पिशवी घेतली, प्रवास कसा झाला विचारलं. त्या अकरा दिवसांत उन्हात उभ्या राहून त्यांचा चेहरा इतका रापला होता की दूरवर प्रवास करून त्याच आल्यासारखं वाटत होतं. साडूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच, माझ्यादेखत, त्यांच्या हाताला हात लावला. ताई म्हणाल्या, "आंघोळ करून घ्या."

हल्ली मी ही गोष्ट लग्नाकार्यांतून सांगतो. रखवालदाराची शिट्टी आली की लोक हसतात. पेरूतला डोंगर दर वर्षी थोडा उंच होतो, आजीची टोपी आता जवळजवळ ताडाएवढी झाली आहे. साडू कोपऱ्यात बसून ऐकतात आणि दुरुस्त करत नाहीत. आता ते कुठेही येतात, कितीही वेळ थांबतात. सांगावं लागतं, साडूभाऊ, घरी चला.

पण परत आल्याच्या दिवशीचं मी कुणाला सांगत नाही. जानू भेटायला आला होता. साडूंनी त्याच्यासाठी कान झाकणारी लोकरीची टोपी आणली होती. डहाणूच्या त्या उकाड्यात जानूने ती निमूट घातली आणि विहिरीच्या कठड्यावर बसला. साडू त्याला दगडांच्या भिंती सांगत होते, पाट सांगत होते, चुलता सांगत होते. जानूच्या कानशिलांवरून घाम वाहत होता. मग साडू थांबले. समोरच्या उघड्या मातीकडे हात करून त्यांनी विचारलं, "कापली कोणी रे?"

"मीच, शेठ," जानू म्हणाला. "दुसरा काम कुठं हाय?"